आईच्या अस्थींची झडती

ही हकीकत मी आयुष्यभर टाळली. बंदरावरच्या कस्टमच्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की रेडिओच्या पोटात, चपलांच्या तळव्यांत सापडलेल्या सोन्याच्या गोष्टी मी रंगवून सांगायचो. ही तेवढी गिळायचो.

साठ सालानंतरचं मद्रास. मलायातल्या पेनांगची बोट लागली की शेडमध्ये शेकडो उतारू रांगेत उभे राहत आणि आम्ही चारपाच जण त्यांच्या ट्रंका उघडत असू. आमचे वरिष्ठ म्हणत, सगळ्यांच्या उघडल्यात तर बंदर बंद पडेल, कोणाच्याच नाही उघडल्यात तर सोन्याचा पूर येईल. मग थांबवायचं कोणाला? ते आमच्या नजरेवर होतं. ‘संशय आला’ एवढं कारण पुरत असे, आणि पुढे कोणी विचारत नसे. हे केवढं हत्यार आहे, ते मला एके दिवशी कळलं.

त्या दिवशी रांगेत तो दिसला. आठ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलं होतं. आमच्यासारखीच तंजावरकडची मराठी माणसं. पत्रिका वाटून झाल्या आणि चार दिवस आधी त्यांच्याकडून भटजी निरोप घेऊन आले, जमत नाही. पेनांगला नोकरी लावून देणारा सासरा त्याला मिळाला होता. वडिलांनी देवळात जाणंही सोडलं. बहिणीनं शाळेत नोकरी धरली आणि पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात रोज जोड्यानं मारत होतो.

त्यानं मला ओळखलं, पण नमस्काराला हात मोकळे नव्हते. छातीशी तांब्याचा कलश होता, झाकण डाख देऊन बंद केलेलं. आईच्या अस्थी आहेत, रामेश्वरला न्यायच्यात, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरचा दाखला, तिथल्या कचेरीचं पत्र, सगळं बरोबर होतं. मी कलश घेऊन पाहिला आणि परत दिला. हलका होता. आत सोनं नाही, हे मला तिथंच समजलं.

“खाली ठेवा,” मी म्हणालो.

“जमिनीवर ठेवत नाहीत, सर. बोटीतसुद्धा टांगून आणलाय.”

“इथं सगळे खालीच ठेवतात.”

त्यानं ठेवला. मी शिपायाकडून झाकण फोडवलं आणि मसाले तपासायच्या पत्र्याच्या ताटात सगळं ओतवलं. वर पंखा फिरत होता. राख त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडू लागली.

“पंखा तेवढा बंद करा,” तो हळूच म्हणाला.

बटण माझ्या पाठीशीच होतं. मी सावकाश चाळत राहिलो. खोटं कशाला सांगू, फार गोड वाटलं.

संध्याकाळी बहिणीला सांगितलं. मला वाटलं, तिचा जीव थंड होईल. ती पान वाढता वाढता थांबली.

“अण्णा, लग्न मोडलं तेव्हा त्याची आई मागच्या दारानं आली होती. मुलानं ऐकलं नाही म्हणून त्या बाई माझ्यापुढे रडल्या होत्या.”

मग भात वाढून ती आत निघून गेली.

महिन्यानं, तो उतरला होता त्या मैलापूरच्या बिऱ्हाडी गेलो; पत्ता त्याच्या कागदांत होता. त्याच्यावरचा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. माफी मागायची होती ती त्या बाईंसाठी. त्यानं स्वतः कॉफी आणून दिली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “आधी वाटलं, तुम्ही जुना सूड उगवलात. मग म्हटलं, छे, कोणाच्या आईशी असं कोणी करेल का? ड्यूटी ती ड्यूटी. असं समजलो तेव्हा कुठे झोप लागायला लागली.”

मी कॉफी संपवली, रामेश्वरची गाडी वेळेवर होती का ते विचारलं आणि उठलो. त्याची झोप मोडू नये म्हणून गप्प राहिलो, अशी मी पुढे स्वतःची समजूत घातली. खरं तर धीर झाला नाही. बसमधून जाताना घोकलेली वाक्यं तशीच परत घेऊन आलो: ती ड्यूटी नव्हती. सूडच होता. तुमच्या आईंचा काही दोष नव्हता, त्यांची मी क्षमा मागतो.