मागच्या दाराची पंगत

आधी डाव्या खांद्यावरून मागं बघायचं, मग उजव्या. मग खांद्यावरच्या पंच्यानं हातातला चमचा विनाकारण पुसायचा आणि तुमच्या कानाशी वाकून म्हणायचं, "ह्ये फकस्त तुमाला सांगतो, सायेब. भाईर जाता कामा न्हाई."

असं कुणी कानाशी वाकलं की तुमचं काय होतं, मला माहीत नाही. माझी छाती दोन बोटं फुगते.

त्याची-माझी ओळख माझ्या कामातून झाली. सांगलीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी प्रवासाचं सदर लिहितो. म्हणजे एसटीनं जवळपास कुठंतरी जायचं, दोन दिवस खाऊन-पिऊन यायचं आणि मग इतिहासाच्या पाऊलखुणा वगैरे लिहायचं. इतिहासात मला गती नाही. एका देवळातली दीपमाळ मी पेशवेकालीन म्हणून ठोकून दिली, तर पुढच्या आठवड्यात गावच्या माजी सरपंचांचं पत्र आलं. दीपमाळ त्यांनी स्वतः बांधून घेतली होती आणि ते अजून हयात होते. दिलगिरी छापावी लागली. तेव्हापासून माझा लेख हातात घेतला की संपादक एकच प्रश्न विचारतात, "हे खरं आहे ना?"

महाबळेश्वरच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत गेलं की कुणा इंग्रज साहेबानं बांधलेला एक दगडी बंगला लागतो. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तो घेऊन, नीटनेटका करून तिथं 'बेड अँड ब्रेकफास्ट' सुरू केलं होतं. पाच खोल्या, रात्रीचा मुक्काम, सकाळची न्याहारी आणि बास. हा कानाशी वाकणारा म्हणजे तिथला स्वयंपाकी, माळी, राखणदार आणि इतिहासकार. मूळचा उंब्रजकडचा. पलटणीच्या मेसमध्ये उमेदीची वर्षं घालवून इथं आलेला. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहायचे.

पहिल्याच सकाळी मी शोभा करून घेतली. पुढ्यात एका उभ्या कपात ठेवलेलं उकडलेलं अंडं आलं. ते कपातून उचलून मी टेबलाच्या कडेवर आपटलं. आत ते अर्धवट कच्चंच होतं. शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून खाली पिवळा ओघळ. शेजारच्या टेबलावरची पोरं खिदळायला लागली. हा पंचा घेऊन धावला.

"आवं सायेब, टोपी उडवायची त्याची. चमच्यानं, हलक्या हातानं. आमच्या मेजरसायबानं पयल्या दिशी पँट खराब केल्ती, तुमचं निस्तं शर्टावर भागलं."

तो मेजर कधी अस्तित्वात नसावा, असं मला आता वाटतं. त्या वेळी मात्र त्या मेजरचा मोठा आधार वाटला.

त्याला सगळ्यात सलायचा तो बंगल्याचा नियम. न्याहारी मिळेल, जेवण मिळणार नाही. "सकाळच्याला पोट फुटस्तवर घालायचं आन् सांजच्याला म्हनायचं, जावा हाटेलात. ह्यो कसला वो पावनचार? पावनं उपाशी निजलं तर मला झोप लागत न्हाई." एकदा डॉक्टरीणबाई अचानक आल्या आणि त्यांना फोडणीचा वास आला. त्यांनी सरळ सांगितलं, पुन्हा पाहुण्यांना जेवायला घातलंस तर मागच्या खोल्या रिकाम्या करायच्या. हे त्यानंच मला सांगितलं. आणि पुढं म्हणाला, "गावाकडं छप्पर न्हाई ऱ्हायलं आमाला. हितनं उठलो तर कुटं जायाचं?"

आणि हे सांगून झाल्यावर त्यानं मला जेवायला बोलावलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर खिडकीवर टकटक झाली. मी मागच्या दारानं त्याच्या चुलीपाशी गेलो. पाट मांडलेला. ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाचा ठेचा. तो मेसमधल्यासारखा हात मागं बांधून उभा राहायचा आणि आपण पुरे म्हणायला तोंड उघडलं, की तेवढ्यात ताटात भाकरी पडलेली असायची. जेवणाबरोबर गुपितही मिळायचं. हा बंगला बांधणारा साहेब विलायतेला गेलेल्या बायकोची वाट बघत रोज दोन ताटं मांडायला लावायचा आणि तेही माझ्याच खोलीत. "ह्ये बाईस्नीबी म्हाईत न्हाई."

पुढं मी पाच-सहा वेळा गेलो. दर वेळी त्याच्या बायकोसाठी तासगावचे बेदाणे न्यायचो. संध्याकाळी बाकीच्या खोल्यांसमोरून चोरपावलांनी मागं जाताना मला त्या बिचाऱ्या पाहुण्यांची कीव यायची. इतका मोठा बंगला आणि त्याचं काळीज कळलेला माणूस एकटा मी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. व्हरांड्यात न्याहारी चालली होती. शेजारच्या टेबलावर इस्लामपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान. त्या शिक्षिकाबाईंनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं आणि माझ्याकडं वाकल्या.

"तुम्हाला म्हणून सांगते हं. इथं रात्रीचं जेवण मिळतं. पण फक्त आम्हालाच."

मी हातातला टोस्ट खाली ठेवला. "पावट्याची आमटी?"

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"आणि साहेब बायकोची वाट बघत..."

"बायको? छे हो. आईची. आमच्याच खोलीत."

यजमान मिशीत हसत म्हणाले, "आमची पंगत साडेसहाची असते. साडेसातला कुणी सांगलीचे गृहस्थ बसतात म्हणे. म्हातारा सांगत होता, 'लय भाबडं मानूस हाय, सगळं खरं मानतंय.'"

त्या सकाळी माझ्या पुढ्यातल्या अंड्याची टोपी मी जरा जोरातच उडवली.

तुम्ही हसाल. पण मला लागलं. त्यानं सगळ्यांना जेवू घातलं याचं नव्हे. मला 'तुमालाच' म्हणून घातलं, याचं. सरळ विचारायचं होतं. विचारलं नाही. निघताना त्यानं पिशवी उचलली आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "काय चुकलं का, सायेब?"

"काही नाही," म्हटलं आणि एसटीत बसलो. कराड येईपर्यंत डोक्यात अख्खा लेख तयार झाला होता.

लेख झकास जमला, हे कबूल करायला हवं. बंगल्याचं नाव नाही, माणसाचं नाव नाही; एवढी काळजी घेतली म्हणून मी स्वतःवर खूश. बाकी सगळं होतं. मागचं दार, दोन पंगती, पंचा, चमचा, साहेबाची बायको आणि साहेबाची आई.

"हे खरं आहे ना?" संपादक म्हणाले.

"अक्षर अन् अक्षर."

रविवारी सांगलीत लोक पोट धरून हसले. मंगळवारपर्यंत लेख, वरचं माझं नाव गळून, मोबाइलवरून फिरत फिरत पुण्याला बाईंपर्यंत पोचला. बुधवारी त्याचा फोन.

"सायेब, पेपरात आपल्या बंगल्याचं कुनी लिवलंय वो?"

त्या 'आपल्या'वर मी जरा अडखळलो. पण सावरलो. "असेल कुणीतरी. मी बाहेरगावी होतो."

"व्हय. तुमी न्हाई लिवनार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई लय तापल्यात. त्यास्नी वाटतंय खरं हाय का खोटं, कुना जुन्या पावन्याला इचारावं. तुमाला फोन करत्याल त्या. निस्तं म्हना, लिवनाऱ्यानं रंगवून लिवलंय. तुमचं ऐकत्याल त्या. न्हाईतर खोल्या सोडाय लागत्याल आमाला."

"सांगतो की. त्यात काय," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज अगदी गोड. "लेख तुमचाच आहे, संपादकांनी सांगितलं. फार छान लिहिता. मला एवढंच सांगा, हे खरं आहे, की रंगवलंय?"

'रंगवलंय' एवढा एक शब्द. तोही बाईंनीच आयता हातात दिलेला. पण समोर कुणी 'खरं आहे का' विचारलं, की मला ती दीपमाळ दिसते. पुन्हा एकदा दिलगिरी, पुन्हा एकदा संपादकांचं तोंड.

"बाई," मी म्हणालो, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही."

आयुष्यभर मी खोट्याचं खरं करून पुरवणी भरली. एका माणसाला माझ्या एका खोट्याची गरज होती, त्या दिवशी मी नेमका सत्यवादी निघालो.

"थँक यू. मी फक्त बोलेन त्याच्याशी," बाई म्हणाल्या.

मे महिन्यात बाईंनीच मला बोलावलं. गेलो. मागच्या दाराला रंग दिला होता. वर सुबक पाटी: 'मागच्या दाराची पंगत'. पाटांवर गाद्या, वाढणारे फेटे बांधलेले. भिंतीवर काचेच्या चौकटीत माझा लेख. एक मुलगी पाहुण्यांना साहेबाची गोष्ट पाठ म्हणून दाखवत होती. तिच्या गोष्टीत बायकोही होती आणि आईही.

"तुमच्यामुळंच सुचलं हे," बाई म्हणाल्या. "लोक खास जेवायला येतात आता."

"आणि तो?"

"वय झालं होतं हो त्याचं. शिवाय विश्वास महत्त्वाचा असतो, नाही का?"

यावर 'हो' म्हणून मान हलवणारा मी. त्या बंगल्यातून त्या दिवशी न जेवता निघालो.

परतताना त्याच्या उंब्रजला उतरलो. विचारत विचारत बाजारामागं गेलो. भाड्याची एकच खोली, मध्ये पडदा लावून दोन केलेली. दारात त्याची बायको. मला तिनं लगेच ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही.

"आहेत का?"

तिनं मागं वळून पडद्याकडं पाहिलं. ती नाही म्हणणार होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "त्यास्नी पानी दे. आन् ताट कर."

मी भिंतीला टेकून बसलो. ताट आलं. पडद्याआड भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. तो बाहेर आला नाही. मी दोन घास खाल्ले आणि मग पडद्याकडं तोंड करून म्हणालो, "तो लेख माझाच होता. आणि बाईंनाही मीच सांगितलं, खरं आहे म्हणून."

थापायचा आवाज थांबला.

त्याची बायको हातातली पळी तशीच धरून उभी होती. "लेखाचं म्हाईत हुतं त्यास्नी," ती म्हणाली. "तुमाला फोन लावला तवाच म्हाईत हुतं."

मग आत पुन्हा थापायला सुरुवात झाली. पडद्यातून एक हात बाहेर आला, तिच्या हातात गरम भाकरी देऊन आत गेला. ती भाकरी माझ्या ताटात पडली. मी खाल्ली. मग दुसरी आली. मग तिसरी. पोट केव्हाच भरलं होतं. पण पुरे म्हणायचं, तर ते पडद्याला म्हणावं लागलं असतं.