कोणत्याही त्रिकोणाचा एक मार्क

“मॅडम, ‘की’मध्ये एकशे ऐंशी आहे. मार्क देता येणार नाही,” राव सर म्हणाले आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

राव सर आमचे अकॅडेमिक इन्चार्ज. ‘की’ म्हणजे पेपर तपासणाऱ्याला दिलेली छापील उत्तरं. तिच्याबाहेर जे काही असेल ते चूक. युनिट टेस्टमधला प्रश्न साधा होता: कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती? नववीतल्या आफरीननं लिहिलं होतं, ‘कागदावर १८०. पृथ्वीवर जास्त.’ तपासणाऱ्यानं शून्य दिलं होतं.

ही पृथ्वी वर्गात मीच नेली होती.

मी इथल्या कोठी भागाजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. वडील नोकरीसाठी परभणीहून इथे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरी मराठी, फळ्यावर इंग्रजी आणि मुलींशी दखनी उर्दू, असं माझं चालतं.

टेस्टच्या आधीची गोष्ट. त्रिकोणाची सिद्धता संपवून मी फळा पुसत होते. आफरीन ॲटलास घेऊन टेबलापाशी आली.

“मिस, जहाज सीधा कायकू नहीं आता?” जहाज म्हणजे विमान.

तिचे अब्बा शिकागोत टॅक्सी चालवतात. त्यांची कागदपत्रं अडकली आहेत. निघाले तर परत जाता येणार नाही, म्हणून निघत नाहीत. ती पाचवीत असल्यापासून असंच आहे. रोज संध्याकाळी ती अम्मीच्या मोबाइलवर शिकागोहून दुबईला येणारं विमान बघते; तिथून पुढे इकडचं मिळतं.

“अब्बा हैं उसमें?” मी विचारलं.

“नहीं मिस. आए तो इसीच में आएंगे ना.”

ॲटलासमध्ये तिनं शिकागो ते दुबई पट्टीनं रेघ मारली होती. मोबाइलवरचं विमान मात्र त्या रेघेच्या खूप वरून, ग्रीनलंडकडून जायचं. पायलट उगाच लांबून आणतो अशी तिची तक्रार होती.

“इत्ता घूम के आए तो देर होती ना, मिस.”

मला उत्तर माहीत होतं. सांगून मोकळी झाले असते. पण वर्गात असा प्रश्न यावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघत असते. सिलॅबस पुढे ढकलायच्या घाईत तो येत नाही. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या कपाटातला पृथ्वीगोल आणि घरचं दोऱ्याचं रीळ घेऊन मी वर्गात गेले.

दोऱ्याचं एक टोक शिकागोवर दाबायला सांगितलं, दुसरं दुबईवर. मधला दोरा ढिला होता. आफरीननं तो ओढला. ताणला तसा तो आपोआप वर सरकला आणि ग्रीनलंडवर जाऊन थांबला. ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळची वाट. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली, की हीच वाट वाकडी दिसते.

आफरीन बराच वेळ त्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

“मतलब जहाज सीधाच आ रा था,” ती म्हणाली.

मग मागून कुणीतरी विचारलं, दोऱ्याचा त्रिकोण केला तर? केला. उत्तर ध्रुवावरून दोन दोरे काटकोनात खाली सोडले. ते विषुववृत्ताला जिथे टेकले तिथेही काटकोनच झाले. तीन काटकोन. बेरीज दोनशे सत्तर. बेल झाली तरी कुणी उठेना.

हे सगळं मी राव सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, उद्या एन्ट्रन्सला मशीन पेपर तपासणार. मशीनला पृथ्वी कळत नाही. मुलीला असं लिहायची सवय लागली तर?”

“सर, पण प्रश्नात ‘कोणत्याही’ लिहिलंय. मग तिचं उत्तर बरोबर आहे. चूक आपल्या प्रश्नात आहे.”

त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. “आहे चूक,” ते म्हणाले. “पण एकीला दिला तर आपल्या शाळेच्या सगळ्या ब्रँचचे पेपर उघडावे लागतील.”

पालकसभेला आफरीनला घेऊन तिची अम्मी आली. तिनं मोबाइल टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. व्हिडिओवर आफरीनचे अब्बा होते. टॅक्सी कुठेतरी बाजूला लावून बसले होते. मागच्या काचेवर बर्फ साचला होता.

“मिस, एक मार्क कायकू कटा?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. दोरा, ग्रीनलंड, सगळं. विमानाचं मात्र आफरीननंच सांगितलं. ती रोज ते बघते हे त्यांना माहीत नव्हतं.

“सही तो लिखी बच्ची,” ते म्हणाले. “मैं वहाँ रहता तो खुद आके सर से बात करता, मिस.”

अम्मीनं मोबाइल उचलला आणि ओढणीनं स्क्रीन पुसली.

मार्क मिळाला नाही. पुढच्या टेस्टच्या पेपरात मात्र त्या प्रश्नात ‘सपाट पृष्ठावरील’ हे शब्द आले होते. ते कुणी घातले हे राव सरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आफरीनचे अब्बा अजून आलेले नाहीत.

पेपर काढताना ‘कोणत्याही’ लिहिण्याआधी मी आता थांबते. मुलं तो शब्द खरा धरतात.