बाबांच्या नंबराखालचा चौकोन

"काढून टाक तो चौकोन!"

"आई, पासवर्डची जागा आहे ती."

"काय असेल ते असो. नुसता नंबर टाकला की उघडत होतं ना? मग मध्येच हा पहारेकरी कशाला?"

"नुसत्या नंबरावर कोणीही कोणाच्याही नावाने आत शिरतं, म्हणून."

"कोणीही म्हणजे मीच ना? सरळ बोल की!"

धाकटी लेक पुन्हा स्क्रीनकडे वळली. वाचनालयाची वेबसाइट तिनेच बांधलेली, बाबा तिथे ग्रंथपाल होते तेव्हा. काम करताना ती स्क्रीनला दम भरायची, चूक हाती लागली की "सापडलास का रे चोरा!" म्हणून ओरडायची, आणि पेपराआडून बाबा हसायचे. ते गेले, पण त्यांचं खातं बंद करायला तिचा हात धजावला नाही. आई रोज दुपारी त्यांचा सभासद नंबर टाकायची. 'या, बसा' अशी अक्षरं उमटायची. बाबांनीच सुचवलेली. तेवढं वाचून आई उठायची.

"बरं बाई, रुसू नकोस." धाकटीने लॅपटॉप आईकडे वळवला. "जुना सभासद पहिल्यांदा जो पासवर्ड घालेल, तो त्याचा. बाबांचा तू ठरव."

आईने बाबांचा नंबर टाकला. 'नवीन पासवर्ड ठरवा' ही ओळ आलीच नाही. ठरलेला पासवर्ड मागत चौकोन रिकामा उभा.

"तू आधीच घातलास?"

"छे! मला कुठे जमतंय ते?"

धाकटीने नोंद उघडली. पासवर्ड तिलाही वाचता येणार नव्हता. तशीच रचना तिने केली होती. वेळ आणि लॅपटॉपचं नाव तेवढं दिसलं. वेळ काल दुपारची. चौकोन सुरू केला कालच सकाळी, आणि दुपारी दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आईच्या डोळ्यांत औषध, तिचा हात धाकटीच्या हातात. नोंदीतला लॅपटॉप हाच, तेव्हा याच टेबलावर. घराला कुलूप.

तिने नोंद झटकन बंद केली.

"आई, मी बंदच करते हे खातं. आत्ताच्या आत्ता."

"हात लावू नकोस."

आईने लॅपटॉप ओढून घेतला. एरवी एकेक अक्षर शोधत बसणारं तिचं बोट आज कुठेच अडलं नाही. चौकोनात काळे ठिपके भराभर उमटत गेले. पान उघडलं: 'या, बसा'.

"आई... तुला कसा माहीत?"

आईने पानावरून एकदा नजर फिरवली, उठली, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून वाचनालयाच्या दिशेने निघून गेली.