खाण गेली, लवाद जिंकला
वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होते. नव्वदच्या दशकात ज्याला त्याला शेअरचं वेड लागलं, तेव्हा त्यांच्या पाळीतल्या लोकांनी सिमेंट घेतलं नाही, कापड घेतलं नाही, खाणीच्या कंपनीचे शेअर घेतले. कोळसा नुसता हातात घेऊन त्यात दगड किती ते सांगणारी माणसं ती. "खाण कुठं पळून जाती का?" वडील म्हणायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि या शेअरमधून दोन खोल्यांचं स्वतःचं घर उभं राहणार होतं. त्यांच्या नादानं मीही थोडे घेतले. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होतो.

खाण पळाली नाही. ती परदेशात होती, तिथल्या सरकारनं परवाना रद्द करून फाटकाला कुलूप ठोकलं. कंपनीनं भरपाईसाठी लवादाकडे दावा लावला आणि आम्हा भागधारकांना गुळगुळीत कागदावर पत्र धाडलं, की आपली बाजू भक्कम आहे. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं काम माझं. लवाद म्हणजे पंच, एवढंच मी सांगितलं आणि तिथंच घात झाला. पंच म्हटल्यावर वडिलांच्या डोळ्यांसमोर गावची माणसं आली, ज्याचं त्याला देऊन संध्याकाळी घरी जाणारी.

"मंग लय दिवस नाय लागायचे," ते म्हणाले.

आठ वर्षं लागली. दावा लागल्याच्या बातमीनं सुरुवातीला भाव चांगला उसळला होता. त्या भावात वडिलांच्या दोन खोल्या सहज झाल्या असत्या. त्यांनी विचारलंही, "इकून टाकू का?"

मी म्हणालो, "थांबा, बाबा. जिंकलो तर चौपट होतील."

त्याच आठवड्यात मी माझे सगळे विकले आणि सिडकोत फ्लॅट बुक केला. घरी सांगितलं, की फ्लॅटसाठी कर्ज काढलंय. घरात एकाचे तरी राहू देत, अशी स्वतःची समजूत घातली.

वडील निवृत्त झाले आणि आईला घेऊन भाड्याच्या एका खोलीत गेले. माझ्याकडे या म्हटलं, तर म्हणाले, निकाल लागला की माझ्याच घरात जाईन. दर वर्षी ते पत्र यायचं, तसाच गुळमट आशावाद घेऊन. मला त्या कागदाच्या वासाचीही किळस यायची, पण वाचून दाखवायचो मीच.

शेवटी कंपनी जिंकली. वडिलांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. महिन्याभरात पत्र आलं. भरपाईतून आधी वकिलांची फी, मग खटल्याला पैसा पुरवणाऱ्यांचा वाटा, मग बँका, आणि यशाबद्दल संचालकांना बक्षीस. भागधारकांसाठी काही उरत नव्हतं. खाली आमच्या संयमाचे आभार मानले होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात, थू! असं मी वडिलांसमोर मोठ्यानं म्हणालो, आणि म्हणताना माझी मलाच शिसारी आली.

वडील बराच वेळ पत्राकडे बघत बसले. वाचता येत नव्हतं तरी बघत होते.

"माझं जाऊ दे रे, माझं वय झालं," ते म्हणाले. "पण माझ्या नादानं तुझेबी बुडाले. त्याचं लय वाईट वाटतं."

मी म्हणालो, "चालायचंच, बाबा."