धोट्याचा शेवटचा शब्द

त्या मंगळवारी माझा भाऊ श्रीनिवास मंगळवेढ्याला गेला आणि परतीच्या रस्त्यावर अपघातात वारला. फोन आला तेव्हा मी पुस्तकांवर नंबर घालत होते.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचते, आणि ‘लिहिणाऱ्याला झोपेची गरज आहे’ असं मनात म्हणून पान उलटते. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. फक्त घडलं ते लिहिते.

आम्ही भवानी पेठेत राहतो. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात अम्मा, मी आणि सीनू... श्रीनिवासला आम्ही सीनू म्हणायचो. तो ॲनिमेशन करायचा. पोटासाठी जाहिराती आणि लग्नाची व्हिडिओ आमंत्रणं. स्वतःसाठी एक छोटी फिल्म — एका धोट्याची. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, तो. माग भंगारात निघतो आणि जन्मभर ये-जा केलेला धोटा पहिल्यांदा कारखान्याच्या दाराबाहेर पडतो, एवढीच गोष्ट. सगळं निवेदन सीनूच्या आवाजात. शेवटी धोटा दारात वळतो आणि एकच शब्द बोलतो — “जातो.”

“जातो म्हणतात का रे? येतो म्हणावं,” मी त्याला म्हटलं होतं.

“अक्का, तो परत येणार नाहीये. खोटं बोलायला लावू का त्याला?”

“अम्मा ऐकेल तेव्हा बघ.”

“तिला शेवटचा सीन दाखवतोय कोण!”

अम्माचा या बाबतीत फार कटाक्ष होता. दारात कुणी चप्पल घालू लागलं की ती आतून ओरडायची, “पोयोस्ता अनरा!” — जाऊन येतो म्हण रे. त्या मंगळवारी सीनूने हेल्मेट आतच घातलं होतं, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. तो काही न बोलता गेला. नंतर अम्मा रडली कमी. तिचं एकच वाक्य होतं, “म्हणालाच नाही गं.” जेवताना, केस विंचरताना, भेटायला आलेल्यांसमोर. म्हणालाच नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, “त्याचा आवाज ऐकव.”

आवाज नव्हता. त्याचा फोन अपघातात फुटला होता, आणि मेसेज तो नेहमी लिहूनच करायचा. आवाज होता तो त्या फिल्ममध्ये, आणि ती तो काम करायचा त्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तशीच पडली होती.

आफरीन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर काम करायची. रविवारी दुपारी स्टुडिओ बंद असताना तिने मला बोलावलं. फिल्म जवळजवळ पूर्ण होती. व्हिडिओ बाहेर काढायचा आणि अम्माच्या फोनवर टाकायचा, एवढंच काम. मी तिला ‘जातो’बद्दल सांगितलं. अम्माला सगळा आवाज ऐकू दे, पण तो शब्द नको.

“हौ, ते तर एका मिनिटाचं काम,” असं म्हणत तिने तो शब्द कापला आणि एक्सपोर्टचं बटण दाबलं.

काम किती झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटच्या सीनपर्यंत गेली आणि थांबली.

आफरीनने कॅशे, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ केली. पट्टी पुन्हा तिथेच थांबली. फोल्डरचं नाव मराठीत होतं, ते इंग्रजी अक्षरांत केलं — सॉफ्टवेअरला कधी कधी आपली अक्षरं चालत नाहीत म्हणे. मग फॉरमॅट बदलला. पुन्हा तिथेच.

“माझ्या सासूसारखं आहे हे मशीन,” ती म्हणाली. “अडून बसणार, पण कारण नाही सांगणार. सीनू असता तर म्हणाला असता, आफरीन, तू आधी चहा पी, तुझंच डोकं हँग झालंय.”

मी हसले असेन. नक्की आठवत नाही.

तिने नुसती चित्रं वेगळी काढून पाहिली. सगळी निघाली. म्हणजे अडचण आवाजात होती. कापलेल्या जागी तिने शांततेचा तुकडा बसवला, तरी अडलं. शेवटी ती म्हणाली, “अक्का, एकदा ते परत ठेवून बघू का? फक्त बघायला. नंतर काढू की.”

मी हो म्हटलं. तिने ‘जातो’ जागेवर ठेवला, वाजवून खात्री केली आणि बटण दाबलं. पट्टी न थांबता शेवटपर्यंत गेली.

आम्ही फाइल लावली. धोटा दारात वळला. त्याचं तोंड ‘जा’साठी उघडतं तसं मोठं उघडलं — ती चित्रं सीनूने एकेक करून काढली होती. आणि सीनूचा आवाज म्हणाला, “येतो.”

आफरीनने माउसवरून हात उचलला. “तुम्ही काय ऐकलं?”

“तू आधी सांग.”

“येतो.”

तिने प्रोजेक्ट उघडून तोच तुकडा वाजवला. जातो. फाइल वाजवली. येतो. निवेदन पहिल्यापासून ऐकलं. त्यात ‘येतो’ कुठेच नव्हतं. कॉम्प्युटरवरची त्याची सगळी रेकॉर्डिंग शोधली, तिथेही नव्हतं. तिने पुन्हा एक्सपोर्ट केलं. ते पहिल्या फटक्यात झालं, आणि त्यात ‘जातो’च आलं. त्यानंतर जितक्या वेळा केलं, तितक्या वेळा ‘जातो’.

पहिली फाइल आम्ही केबल लावून, मी सोबत आणलेल्या अम्माच्या फोनवर टाकली. काही मिनिटांनी कॉम्प्युटरवरची तीच फाइल उघडेना. आफरीन म्हणाली, खराब झाली असेल, होतं असं.

घरी अम्मा चादरीच्या घडीवर बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने पूर्ण फिल्म पाहिली. शेवटचा शब्द आला. तिने फोन पदराने पुसला.

“बघ,” ती म्हणाली. “म्हणाला की.”

त्यानंतर तिने ते जुनं वाक्य पुन्हा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

मी कारण शोधलं. आवाज दाबून फाइल लहान करताना अक्षरं बिघडू शकतात, असं वाचलं. पण ‘जा’ बिघडून ‘ये’ होतं, असं कुठे वाचलं नाही. दुःखात माणसाला हवं ते ऐकू येतं, हेही मला मान्य आहे. पण आफरीनलाही तेच ऐकू आलं. शेजारच्या काकूंनाही, आणि त्यांना आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता ती फाइल फक्त अम्माच्या फोनमध्ये आहे. तिची कॉपी केली तर कोणता शब्द येईल, मला माहीत नाही. फोन जुना झाला आहे, बॅटरी टिकत नाही. मी तो बदललेला नाही.