साहेबांचा रिमोट

पंचायत समितीचे निवृत्त विस्तार अधिकारी मधुकर सपकाळ गेल्या हिवाळ्यात धाड गावी राहत्या घरी वारले. त्यांच्यामागे पत्नी, एक मुलगी आणि टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवलेल्या तीन हार्ड डिस्का आहेत. मुलीचं नाव निधनवार्तेत घालू नये, असं ते बऱ्याच आधी सांगून ठेवून गेले होते. आमच्या पेपरात वार्ता मी दिली. नाव घातलं.

गाव त्यांना साहेब म्हणायचं. निवृत्तीनंतरही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती आणि न म्हणणाऱ्याला ते ओळख देत नसत. सेट-टॉप बॉक्सला हार्ड डिस्क जोडून कार्यक्रम साठवता येतात, हे गावात त्यांनी पहिल्यांदा केलं. ही एक गोष्ट त्यांना उरलेल्या आयुष्याला पुरली. रिमोट पॉलिथिनच्या पिशवीत असे, वर रबर. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नसे. "ह्या गावात रिमोट धरायची लायकी एकाचीही नाही," असं ते ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत.

साठवलेलं ते बघत नसत. अपवाद फक्त हवामानाच्या अंदाजाचा. मागच्या वर्षीचा अंदाज लावायचा, निवेदिका गारपीट सांगायला लागली की चित्र थांबवायचं आणि म्हणायचं, "पकडली! पडली काय गार? सांग, पडली काय?" त्या वेळी बाहेर कडक ऊन असायचं. नोकरीत असताना त्यांनी शेतकऱ्यांना दिलेले सल्ले कोणी रेकॉर्ड केलेले नव्हते. त्याबद्दल गावात अजून बोललं जातं.

एकदा क्रिकेटचा अंतिम सामना शेवटच्या षटकात आला आणि गावची वीज गेली. साहेबांकडे इन्व्हर्टर होता. अर्धी गल्ली त्यांच्या दारात जमली. तोवर सामना संपला होता, पण रेकॉर्ड झाला होता. साहेबांनी सगळ्यांना चपला ओळीत ठेवायला लावल्या आणि शेवटचं षटक लावलं. प्रत्येक चेंडूनंतर थांबवून ते बॉक्सची महती सांगत होते. एक चेंडू राहिला असताना त्यांनी टीव्ही बंद केला.

"साहेब, एकच बॉल राह्यला ना!" कोणीतरी ओरडलं.

"माह्या गोळीचा टाइम झाला. पाह्यनं कोनालेही जमते बे, जपून ठेवनं जमलं पाह्यजे."

लोक चपला शोधत घरी गेले.

त्यांच्या पत्नी कमलकाकू. एका आजारपणात त्यांचं ऐकणं पूर्ण गेलं होतं. चौथी शिकलेल्या, सावकाश वाचायच्या. त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे आणि दारामागे पाटी-पेन्सिल कायम टांगलेली असे. आम्ही शेजारी दोन-चार ओळी लिहायचो. साहेब एक शब्द लिहीत. तासाभराच्या बातम्यांनंतर 'पाऊस'. अख्ख्या सिनेमानंतर 'मेला'. एवढ्यात भागतं, असं त्यांचं मत होतं. "तिले काय करायचं जास्त? सैपाकच करायचा ना?"

मुलगी संगीता कृषी शास्त्रज्ञ. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा साहेबांनी तिला दारातून परत पाठवलं. कमलकाकू त्या वेळी चौकटीला धरून उभ्या होत्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यानंतर मुलगी आली नाही. फोन साहेबांच्या खिशात असे आणि काकूंना फोनवर ऐकू येणार नव्हतंच. ती काय म्हणते, असं काकूंनी एकदा विचारलं तेव्हा साहेबांनी पाटीवर नेहमीपेक्षा एक शब्द जास्त लिहिला होता: 'टाकलं तुले.'

पुढे संगीताची मुलाखत एका वाहिनीच्या शेतीविषयक कार्यक्रमात लागणार असल्याचं कळलं. ऐकू न येणाऱ्यांसाठी ही वाहिनी बोलणं मराठी अक्षरांत खाली दाखवायची. हवी त्यानं रिमोटच्या एका बटणावर ती सुरू करायची, नको त्यानं बंद. त्या दिवशी मी साहेबांकडे पोचलो तेव्हा कार्यक्रम नुकताच संपला होता. काकू पाटी पुढे करून उभ्या होत्या.

"काय म्हनली? मायं नाव घेतलं काय?"

साहेबांनी लिहिलं: 'कापूस.'

"खाली अक्षरं येतात ना हो. ते लावून दाखवा ना मले एकडाव."

साहेब माझ्याकडे वळले. "काय पत्रकार, सांग हिले. अक्षरं बंद करूनच रेकॉर्ड केलं म्या. चित्र साफ पाह्यजे. आपुन काय अडानी हाओत, खाली लिहून दाखवाले? आता ते डिस्कमधी नाहीतच. कुठून लावू?"

मी ते पाटीवर लिहिलं. काकूंनी वाचलं आणि पदरानं पाटी पुसली.

नंतर साहेबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला जावं लागलं. पुढचे काही दिवस ते तिथेच पुतण्याकडे राहणार होते. जाताना त्यांनी कपडे, औषधं आणि रिमोट बरोबर घेतला. डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस रिमोटचं काय करणार, असं पुतण्यानं विचारलं. "घरी ठेवला तर कोनीही दाबते," हे उत्तर.

त्याच आठवड्यात धाडच्या बाजाराच्या दिवशी काकू माळ्यावरचं सेट-टॉप बॉक्सचं रिकामं खोकं पिशवीत घालून निघाल्या. बाजारात चार्जर, कव्हर आणि जुने रिमोट विकणारा एक जण बसतो. त्याला त्यांनी खोकं दाखवलं आणि तसलाच रिमोट घेऊन आल्या. मग मला हाक मारली.

"भाऊ, तिचा कार्यक्रम लावून द्या. मले सापडत नाही."

मी पाटीवर लिहिलं: अक्षरं त्यात नाहीत.

"नसू द्या. तोंड तं पाहीन."

यादीत शेकडो फाइली होत्या. त्यांतल्या एकीपुढे कुलपाची खूण होती. अशी फाइल चुकूनही पुसली जात नाही. ती संगीताची निघाली. बाकी कशालाही कुलूप नव्हतं.

पडद्यावर मुलगी बोलू लागली. काकू थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग रिमोट घेऊन वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबू लागल्या. आवाज वाढला, चित्र थांबलं, पुन्हा सुरू झालं, एक यादी आली आणि गेली. खालच्या ओळीतलं एक बटण दाबलं आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली. वाहिनी जे पाठवते ते बॉक्स सगळं साठवतो. बटणावर फक्त दाखवायचं की लपवायचं एवढंच ठरतं. बॉक्सचं माहितीपत्रक साहेबांना पाठ होतं, असं ते सांगत.

काकूंनी कार्यक्रम पुन्हा सुरुवातीपासून लावून घेतला. त्या बोट फिरवत मोठ्यानं वाचत होत्या. ओळ निसटली की मी थांबवत होतो.

"बियाणं ओळखायला मला आईनं शिकवलं. सरकी पाण्यात टाकायची आणि तरंगलेली बाजूला काढायची. प्रयोगशाळेत मी वेगळं काही करत नाही."

निवेदकानं विचारलं होतं, आई हा कार्यक्रम बघत असतील का.

"बघत असेल. तिला ऐकू येत नाही. म्हणून तर मी ह्याच वाहिनीला हो म्हटलं. इथे अक्षरं येतात. तिनं नुसतं ये म्हटलं तरी मी निघेन."

काकूंनी ती ओळ तीनदा वाचली. मग पाटी मागितली, संगीताचा नंबर लिहिला आणि माझ्यापुढे धरली. नंबर त्यांना पाठ होता.

"तुमच्या फोनवरून धाडा."

काय धाडू, असं मी खुणेनं विचारलं.

"ये."

मी खाली 'आई' एवढं जोडून पाठवलं. संध्याकाळी संदेशापुढच्या खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं संगीता सपकाळ धाडच्या स्टँडवर उतरल्या. मधुकर सपकाळ त्या वेळी बुलढाण्यात होते. रिमोट त्यांच्याजवळ होता.