तळाची पांढरी माती

"हा डोंगर तुम्ही लोकांनी खाल्लाय," असं फॉरेस्टचा गार्ड बुध्याबाबाला म्हणाला ते मी कुडाआडून ऐकलं. मी नवी नवरी होते, बाहेर यायची सोय नव्हती. पण कुडाचं शेण एका जागी पडलं होतं, तिथून दिसतही होतं. बुध्याबाबा म्हणजे शेजारचा म्हातारा, सूर्यमाळेच्या आमच्या पाड्यावरचा सगळ्यात जुना माणूस. राबासाठी त्यानं ऐनाच्या फांद्या छाटल्या होत्या. पाला टाकून जमीन भाजली नाही तर नाचणीच्या रोपाआधी तणच वर येतं, म्हणून इकडं सगळेच राब करतात. गार्डनं त्याचा कोयता काढून घेतला होता.

बुध्याबाबा हात जोडून सांगत होता, साहेब, आमचे वाडवडील आले तेव्हा ह्या माळावर गवतच होतं, डोक्यावरून जाणारं. गुरं चारायलाच आले ते. गार्ड म्हणाला, खोटं बोलू नको, इथं दिवसाढवळ्या अंधार पडायचा एवढं दाट रान होतं. तू पाहायला होतास का?

"तुम्ही होता का?" बुध्याबाबानं विचारलं.

एवढंच विचारलं. त्यावर गार्डनं त्या म्हाताऱ्याला सगळ्या पाड्यासमोर कान धरून उठाबशा काढायला लावल्या. त्याची एकुलती एक पोर नवशी दारात उभी होती, हाताला नाचणीचं पीठ. ती रडली नाही. बाप खाली बसला की तिचे डोळे खाली जात, उठला की वर येत. मला आजही त्या गार्डला चार शिव्या द्याव्याशा वाटतात, आणि तो मरून किती वर्षं झाली हे मला ठाऊक आहे.

ही गोष्ट नवशीची. बाप म्हातारा म्हणून तिला रघ्या घरजावई आणला. रघ्या गरीब माणूस, दोन शब्द बोलायचे तर एकच बोलायचा. राहिलेला नवशी बोलायची. रेशनवाल्यानं माप कमी घातलं की ती दुकानाच्या पायरीवर बसायची, आणि तिला उठवण्यापेक्षा माप भरून देणं त्याला स्वस्त पडायचं. तिची जीभ अशी होती की पाड्यावरची कुत्री तिचं घर सोडून भुंकायची. पण शिमगा झाला की झिऱ्यावर सगळ्या बायकांच्या पुढं तीच.

झिरा म्हणजे माळाच्या कुशीतला खोलगट भाग. पावसाळ्यात सगळी पाणथळ, उन्हाळ्यात एका कोपऱ्यात पाणी पाझरायचं. तेच मृगापर्यंत आम्ही प्यायचो. ते आटलं तर खाली दरीत उतरायचं, सकाळी गेलेली बाई दुपारी हंडा घेऊन वर येणार. म्हणून दर साली आम्ही बायका झिऱ्यात उतरून गाळ काढायचो. काळा चिखल काढायचा, पांढरी माती दिसली की थांबायचं. पांढरीला हात लावायचा नाही, पाणी तिच्यावरच बसलेलं असतं. कुणाच्या फावड्याला पांढरी लागली तर बाकीच्या म्हणायच्या, आता सासूला थुंकी पाज.

अठ्ठ्याण्णव साल असेल. निशा मॅडम नावाची कॉलेजातली बाई जीप घेऊन आली. बरोबर दोन विद्यार्थी, लोखंडी नळ्या. आमच्या ओट्यावर बसली, कोरा चहा प्यायली. म्हणाली, फार मागं बर्फाचा काळ होता. तो संपला तसा इथला पाऊस बदलला, झाडं बदलली, ते आम्हाला शोधायचंय. मला हसू आलं. आम्ही बर्फ पाहिलेला मोखाड्याच्या बाजारात, गोळेवाल्याकडं. ती म्हणाली, बर्फ इथं नव्हता हो आजी, तिकडं हिमालयात आणि त्याच्या पलीकडं होता, पण त्यानं इथला पाऊस बारीक झाला होता. मग तिनं समजावलं. दर वर्षी फुलांची धूळ उडते, पाण्यात पडते, तळाला बसते. त्यावर पुढच्या वर्षीची. धुळीच्या कणाची साल कुजत नाही. काचेखाली धरलं की कळतं हे गवताचं, हे झाडाचं. जितकं खाली जावं तितका जुना काळ.

नवशी कधी कुणाचं इतका वेळ ऐकत बसत नसे. त्या दिवशी बसली.

"मंग इथं आधी गवत व्हतं का रान, ते कळल?"

मॅडम म्हणाली, कळेल.

नवशीनं लुगडं खोचलं. जुना चिखल कुठं सापडेल ते मॅडमला विचारावंच लागलं नाही, नवशी पुढं होऊन झिऱ्याकडं निघाली. शेजारची गौरा आडवी आली. म्हणाली, नवशे, झिऱ्यात लोखंड घालू नको, पाण्याशी खेळ करू नको. नवशीनं तिला हातानं बाजूला केलं.

"कान माझ्या बापानं धरले होते, तुझ्या नाय."

गौरा मागून चालू लागली. मीही.

पोरांनी नळी ठोकली, उपसली. आत काळ्या चिखलाची लांब कांडी यायची. ती प्लास्टिकमध्ये अशी गुंडाळायची जसं बाळंतिणीच्या कुशीतलं पोर. शेवटी पांढरी माती लागली. गौरा म्हणाली, बस. मॅडम थांबली. म्हणाली, सगळ्यात जुनं ह्याच्या आत आणि खाली आहे, तुमची परवानगी असेल तर आणखी थोडं जाऊ. विचारलं कुणाला? नवशीला. नवशी म्हणाली, जा तळापर्यंत, मागाहून कुणी म्हणायला नको अर्धंच पाहिलं. नळी खडकावर जाऊन खणकन वाजली. मॅडम खूश झाली. शिकलेल्या बाईला कळायला पाहिजे होतं, आणि नवशीला तर कळतच होतं. त्या घडीला दोघींना पाण्यापेक्षा उत्तर मोठं झालं होतं.

भोकात वाळू आणि चिखल लोटून ती मंडळी गेली.

पुढच्या साली शिमग्याला गाळ काढायला उतरलो तर झिऱ्यात पाणीच उरलं नव्हतं. तळाला बांगडीएवढं भोक, आणि त्यातून होतं नव्हतं ते पाणी आवाज न करता खाली खडकाच्या फटीत चाललेलं. चैत्र लागायच्या आत पाडा दरीत उतरायला लागला. वैशाखात गौरा हंड्यासकट दगडावर पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती सरळ उभी राहिली नाही. बायका नवशीशी बोलेनात. दरीत तिचा हंडा सगळ्यांच्या मागं. जिच्या जिभेला रेशनवाला घाबरायचा ती बाई खाली मान घालून नंबर धरायची. टँकर यायचा, म्हणजे रस्त्यापर्यंत यायचा, आणि वाटेल तेव्हा. त्याच साली फॉरेस्टवाल्यांनी फलक लावला, झाडे जगवा, पाणी अडवा. तो उभा करायला सिमेंट कालवलं ते आमच्याच टँकरच्या पाण्यात. अक्षरं मात्र सुरेख होती.

दोन सालांनी मॅडम परत आली. आली, एवढं मी कबूल करते, बहुतेक येत नाहीत. त्याच ओट्यावर बसून सांगू लागली. सगळ्यात तळाला कोरडे दिवस निघाले, गवतच गवत. त्यावर पाऊस वाढत गेला, इतका की हा माळ दाट रानानं झाकला, आता फक्त खोल दऱ्यांत उरलीत तसली बारा महिने हिरवी झाडं. मग हजारो वर्षं पाऊस हळूहळू उतरला, रान विरळ झालं, पुन्हा गवत आलं. अगदी वर राखेचे कण, माणसांची शेती.

"म्हणजे तुमचे वडील खरे आणि गार्डही खरा, काळ वेगळा एवढंच," मॅडम हसून म्हणाली.

नवशी हसली नाही. तिनं विचारलं, आमचे लोक आले तेव्हाचं सांगा. मॅडम म्हणाली, इतकं बारीक सांगता येत नाही, पण गवत माणसांच्या फार आधीपासून वाढत होतं, रान काही तुम्ही एकट्यांनी संपवलं नाही. बुध्याबाबाला हे ऐकायला मिळालं असतं तर? पण तो गेला, गार्ड गेला. ज्याच्या तोंडावर मारायचं ते तोंडच राहिलं नाही. बारा हजार वर्षांचा पाऊस मोजून झाला आणि पाड्यावर तांब्याभर पाणी नाही. मी मॅडमला चहा विचारला नाही. विचारायला पाणी लागतं.

"आता ते भोक बुजवा," नवशी म्हणाली.

मॅडमचा चेहरा पडला. तिला ठाऊकच नव्हतं. झिऱ्यावर गेली, गुडघ्यावर बसून पाहिलं, पुन्हा पुन्हा माफी मागितली, मोखाड्याला ऑफिसात बोलते म्हणाली. बोललीही असेल. ऑफिसातलं कुणी आलं नाही.

मग नवशी स्वतः लागली. देवबांधाच्या वाटेला एका ओहोळात तसली पांढरी माती मिळते. पाटीनं डोक्यावर आणायची, भाताचं तूस घालून मळायची, भोकात भरून टाचेनं दाबायची. पहिल्या साली बायका लांबून पाहत होत्या. पाणी आठवडाभर जास्त टिकलं. पावसाळ्यात माती सुटली, पुढच्या साली पुन्हा. हळूहळू पाणी अर्ध्या चैत्रापर्यंत येऊ लागलं. गौराच्या सुनेनं एकदा न बोलता तिच्या पाटीला हात लावला, तेव्हापासून बायका बोलू लागल्या. गौरा शेवटपर्यंत बोलली नाही, आणि मी गौराला दोष देत नाही. मृगापर्यंत काही ते पाणी पुन्हा पोचलं नाही. आजही पोचत नाही, आणि ह्याचा जाब मी कुणाला विचारू ते मला कुणी सांगावं.

दोन हजार सहा साली शिमग्यानंतर नवशी माझ्या दारात आली. पंधरा दिवस अंगात बारीक ताप होता, हातापायाच्या काड्या झालेल्या.

"वयनी, तूस दे."

मी चिडले. म्हटलं, नवशे, ऊन बघ, रघ्याला पाठव, नाहीतर तुझ्या पोरींना सांग. ती म्हणाली, रघ्याची टाच हलकी हाय, त्याच्यानं माती बसत नाय. वाद घालून कधी कुणी जिंकलं नव्हतं तिच्याशी. मी सुपातून तूस तिच्या पाटीत ओतलं. ती गेली. दुपारपर्यंत माती मळली, भोक भरलं, वर उभी राहून एका टाचेनं, मग दुसऱ्या टाचेनं दाबत राहिली. परत आली तेव्हा पाय पांढरे झाले होते. धुतले नाहीत, पाणी कशाला वाया घालवायचं म्हणून. ओसरीवर बसून माती वाळू दिली, हातानं झाडली, पाटी पालथी घातली आणि आडवी झाली ती पुन्हा उठली नाही.